गिटारचा टोन बदलायला पेडल वापरावं की नाही? (गणपतीच्या कार्यक्रमांआधी सल्ला हवा आहे)

सहावी_तार | १२ ऑगस्ट, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं गिटार वाजवतोय. मिरजेत शिकलो. पहिली पाच वर्षं अकूस्टिक, नंतर इलेक्ट्रिक. मागच्या वर्षीपासून आमच्या भागातल्या एका ऑर्केस्ट्रात लीड वाजवतो. यंदा गणपतीत सात कार्यक्रम ठरलेत. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करायची आहे, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांच्याकडे मी सहा वर्षं शिकलो ते सर पेडलच्या (गिटारला वायरीने जोडायची, पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी) पूर्ण विरोधात आहेत. त्यांच्या मते टोन बोटांत असतो. पिक (तारा छेडायची पट्टी) ब्रिजजवळ, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाला मारली की आवाज टोकदार येतो, फ्रेटबोर्डकडे, म्हणजे डाव्या हाताच्या पट्टीकडे सरकवली की गोल येतो. पिक किती तिरकी धरली, डाव्या हाताने किती दाब दिला, गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण कुठे ठेवलं, सगळे रंग एवढ्यातच आहेत. पेडल म्हणजे कच्चा हात झाकायचं साधन, असं ते म्हणतात. आणि हे नुसतं बोलणं नाही. एका साध्या ॲम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर), ॲम्पचं एकही बटण न हलवता, त्यांनी एकच ओळ मला सहा तऱ्हांनी वाजवून दाखवली होती. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

आता ऑर्केस्ट्राचं सांगतो. एका कार्यक्रमात तीस-पस्तीस गाणी असतात. सत्तरच्या दशकातलं गाणं संपतं, लगेच नव्वदमधलं सुरू होतं, त्यानंतर २००० नंतरचं एखादं रॉक अंगाचं. प्रत्येक गाण्यात गिटारचा आवाज निराळा. मी सगळीकडे एकाच कोऱ्या आवाजात वाजवतो. आमचा कीबोर्डवाला मला स्पष्टच म्हणाला, "तू सूर बरोबर लावतोस, पण गाणं ओळखू येत नाही." फार लागलं ते.

मागच्या महिन्यात एक जुनं ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारं) पेडल विकत घेतलं. घरच्या छोट्या ॲम्पवर सुरेख वाजतं. कार्यक्रमात लावलं तर डास गुणगुणल्यासारखा आवाज. दुसऱ्या गाण्यालाच बंद केलं. सरांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते मनाला खातंय.

जाणकारांनी सांगावं. पेडल वापरणं म्हणजे खरंच हाताशी लबाडी आहे का? आणि नसेल, तर माझं चुकतंय कुठे?

---

जुना_वाद्यवृंद | १२ ऑगस्ट, रात्री ११.३०

सहावी तार, तुमचा धागा वाचून जुने दिवस आठवले. मी १९८१ पासून पुण्यात ऑर्केस्ट्रात वाजवलं, पंचवीसेक वर्षं. आता फक्त घरी.

आमच्या वेळी पेडल दिसतच नसे. बोटीवर वाजवणारे गोव्याचे वादक सुट्टीवर आले की एखादं वाह (पायाने खाली-वर करून आवाज 'वा-वा' बोलायला लावणारं पेडल) किंवा फेजर (आवाजाला लाटा आणणारं) घेऊन यायचे आणि जाताना विकून जायचे. मी माझं पहिलं वाह असंच घेतलं. अडीच महिन्यांचं मानधन त्यात गेलं. बायकोला (तेव्हा नवीनच लग्न झालेलं) कसं सांगायचं या विचारात दोन दिवस ते तबल्याच्या पिशवीत मित्राकडे ठेवलं होतं.

पण त्या वाहने काय केलं ते सांगतो. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी हिंदी गाण्यांत ताल धरणारी गिटार 'वका-वका' बोलते. ती मी आधी दोन वर्षं हाताने तारा दाबून, तळव्याने आवाज मारून वाजवत होतो. लोक ऐकून घ्यायचे. ज्या रात्री वाह लावलं त्या रात्री पहिल्याच आवर्तनाला प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेतून शिट्टी आली. बोटं तीच होती, गाणंही तेच. बोटं ताल देत होती, वाह त्या तालाला शब्द देत होतं.

तुमच्या सरांचा मान ठेवून सांगतो, ते म्हणतात ते खरं आहे. पण ते गिटारबद्दल बोलतायत आणि तुमचा कीबोर्डवाला गाण्याबद्दल. ऑर्केस्ट्रात गाणं मोठं. ज्या वादकाने स्टुडिओत तो तुकडा वाजवला, त्याने आवाज निवडून वाजवला होता. आपण सूर घ्यायचे आणि आवाज सोडायचा, हे त्या वादकावर अन्याय करणारं आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढे नव्वदच्या उत्तरार्धात झूम ५०५ आलं आणि प्रत्येक गिटारवाल्याकडे प्रोसेसर (एकाच डबीत अनेक पेडलांचे आवाज) दिसू लागला. त्याचं नुकसानही पाहिलंय, त्यावर नंतर लिहीन.

---

डेस्कमागे | १३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

साउंडचं काम करतो, कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात. डासांचं कारण मी सांगतो, कारण ते दर सीझनला दहा गिटारवाल्यांना सांगावं लागतं.

सहावी तार, कार्यक्रमात तुमची वायर पेडलमधून थेट मिक्सरला जाते ना? ॲम्प नसतोच, बरोबर? मग घोळ तिथेच आहे.

गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. तो त्याचा दोष नाही, गुण आहे. ओव्हरड्राइव्ह आवाज तोडतं तेव्हा वरच्या पट्टीत बारीक कचरा तयार होतो. गिटारचा स्पीकर तो गिळून टाकतो. मंडपातल्या टॉपमध्ये (वरच्या स्पीकरमध्ये) मात्र ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर असतो, तो १५,००० च्या पुढेही वाजवतो. तुमचा कचरा त्याने गावभर पोचवला.

उपाय तीन. ॲम्प घेऊन या आणि मला त्याच्यापुढे माइक लावू द्या. किंवा पेडलनंतर कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं सर्किट) लावा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये ते असतंच, वादक ते चालूच करत नाहीत. दोन्ही जमत नसेल तर साउंड चेकला या (वेळेवर!) आणि सांगा, मी तुमच्या चॅनेलवर ५ किलोहर्ट्झच्या वर कापतो. तिसरा उपाय तात्पुरता आहे, पण आज रात्रीपासून चालेल.

पेडल वापरावं की नाही हे तुम्ही कलाकारांनी ठरवा. वापरणार असाल तर तेवढं पुरं वापरा.

---

सहावी_तार | १३ ऑगस्ट, सकाळी ९.०५

डेस्कमागे दादा, हो! थेट मिक्सरलाच जातं. इतकी साधी गोष्ट मला वर्षभरात कुणी सांगितली नव्हती. मनापासून आभार.

---

बिलंपत | १३ ऑगस्ट, दुपारी १.२०

मी गिटार वाजवत नाही. संवादिनी वाजवते, आणि गेली तीस वर्षं गाणं ऐकते आहे. माझं मत इथे कदाचित आवडणार नाही, पण मांडते.

अलीकडे कुठल्याही कार्यक्रमात गिटारवादक ऐकला की मला तो कोण आहे ते कळत नाही. सगळ्यांचा आवाज एकाच पाण्यातून काढलेला. इतका घुमारा, इतके प्रतिध्वनी की मूळ आघातच ऐकू येत नाही. गायकाचा गळा मी दोन सुरांत ओळखते, सारंगी किंवा बासरी कुणाच्या हातात आहे तेही बहुतेकदा ओळखते. गिटारवादकाने आपली ही ओळख स्वतःहून पुसून का टाकावी? तुमच्या सरांनी एक ओळ सहा तऱ्हांनी वाजवली, ती विद्या आहे. पायाने बटण दाबणं ही विद्या आहे का?

सहावी तार, तुम्हाला दुखवायचा हेतू नाही. तुमच्या सरांसारखे गुरू मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे, म्हणून कळकळीने लिहिलं.

---

तपकीर_गल्ली | १३ ऑगस्ट, रात्री ९.५०

बिलंपत ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीतक आहे. इलेक्ट्रिक गिटारचा एक 'मूळ' आवाज आहे आणि पेडल तो बिघडवतं, असं आपण धरून चालतो. मी पेडलं बनवतो (नोकरी दुसरी, हा छंद, सुटे भाग पुण्यातल्या तपकीर गल्लीतून), त्यामुळे या विषयावर जरा लांब लिहितो.

इलेक्ट्रिक गिटार वायर न लावता वाजवून पाहा. शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. तार लोहचुंबकावर थरथरते, तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण वीज तयार होते, तेवढंच त्या लाकडातून बाहेर येतं. पुढचा आवाज ॲम्प आणि स्पीकर घडवतात. म्हणजे आघात हाताचा, आवाज विजेचा. ॲम्पची निवड केली त्या क्षणीच तुम्ही आवाज रंगवलेला असतो.

तो तुटका, फाटका आवाज कुणी शोधून काढला नाही. तो बिघाडातून आला. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांचं गाणं ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन यांची बास गिटार ज्या चॅनेलमधून जात होती तो चॅनेल बिघडला आणि घशातून खरवडल्यासारखा आवाज आला. तो तसाच ठेवला गेला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं, आणि १९६२ मध्ये गिबसन या गिटार कंपनीने ते मॅस्ट्रो फझ-टोन म्हणून विकायला काढलं. पहिली दोन-तीन वर्षं त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रजी बँडच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजवलं. त्याच्या मनात ती जागा ब्रासची होती, फझ फक्त कच्चा नमुना म्हणून. तो नमुनाच प्रसिद्ध झाला आणि दुकानांतली फझ-टोन संपली.

त्याहीआधी पेडल नव्हतं म्हणून लोक शांत बसले नव्हते. अमेरिकी गिटारवादक लिंक रे यांनी १९५८ च्या सुमारास ॲम्पच्या स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. १९६४ मध्ये इंग्लंडात किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने कागद चिरला. असा आवाज हवा ही ओढ आधीपासून होती, डबी मागून आली.

आता 'पायाने बटण दाबणं' याबद्दल. फझ फेस नावाचं पेडल १९६६ साली लंडनमध्ये निघालं. आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, बस. मी आतापर्यंत अकरा बनवलीत. ते गिटारच्या पिकअपवर (तेच लोहचुंबक आणि वेटोळं) सरळ भार टाकतं, म्हणून गिटारचं व्हॉल्यूम दहावरून सातवर आणलं की तोच फाटका आवाज जवळजवळ स्वच्छ होतो, काचेसारखा. पिक हलकी मारली तर एक आवाज, जोरात मारली तर दुसरा. जिमी हेंड्रिक्स हा गिटारवादक हे फझ चालू ठेवूनच हाताने आवाज बदलायचा. म्हणजे हाताची विद्या तिथे संपत नाही, उलट हात कच्चा असेल तर फझ लगेच सांगतं, कारण ते आवाज दाबून सगळं एका उंचीला आणतं. नको त्या तारेला बोट लागलं तरी तेही तितक्याच मोठ्याने ऐकू येतं. तुमच्या सरांना कुणी फझ फेस हातात दिलं तर ते त्यातून सहाच्या जागी बारा तऱ्हा काढतील अशी माझी खात्री आहे.

(जर्मेनियम उष्णतेने बदलतं. जानेवारीत जमवलेलं पेडल मे महिन्यात घशात काही अडकल्यासारखं वाजतं. दोनदा अनुभव घेतलाय.)

---

षड्जपंचम | १३ ऑगस्ट, रात्री ११.१०

तपकीर गल्ली, सुंदर प्रतिसाद. एक भर घालतो, कारण याचं गणित मला आवडतं.

ओव्हरड्राइव्हवर पूर्ण कॉर्ड वाजवली की चिखल का होतो, आणि सा-प ही जोडी मात्र भक्कम का वाजते? आवाज तुटतो तेव्हा दोन सुरांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा तिसराच सूर तयार होतो. सा २०० हर्ट्झ धरू. पंचम ३००. फरक १००, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकाचा सा. तुम्ही दोन सूर वाजवलेत, पेडलने खाली खर्जाचा आधार दिला. म्हणून रॉकमध्ये सा-प ची जोडी.

आता सा-ग घ्या. आपला शुद्ध गंधार २५० ला बसतो, फरक ५०, तोही दोन सप्तकं खालचा सा. पण गिटारच्या पडद्यांवर गंधार २५० ला नसतोच. समान अंतराच्या सप्तकामुळे तो जवळजवळ २५२ ला पडतो. फरक ५० च्या जागी ५२ होतो. वर दोन हर्ट्झ म्हणजे काहीच नाही, पण तिथे खाली ५० आणि ५२ मध्ये गिटारच्या एका पडद्याच्या अर्ध्याहून जास्त अंतर आहे! कोऱ्या आवाजात जो गंधार कानाआड जातो, तो ओव्हरड्राइव्ह उघडा पाडतं. माझ्या मते पेडलला कुणी खोटारडं म्हणू नये. बेसूर इतक्या परखडपणे दाखवणारं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

---

घोडी_आणि_सूत | १४ ऑगस्ट, सकाळी ६.४०

राम राम. मी मिरजेचाच. आमच्या घरात चार पिढ्या तंबोरे बनतात. गिटारमधलं मला कळत नाही, मुलगा हा धागा दाखवत होता म्हणून वाचला. बिलंपत ताईंचा 'मूळ आवाज' हा शब्द वाचून लिहावंसं वाटलं.

नवा तंबोरा बांधून तारा चढवल्या की पहिल्यांदा जो आवाज येतो तो कोरडा असतो. टण्ण. त्यात गाणारा उभा राहू शकत नाही. मग आम्ही घोडीचा माथा कानशीने उतरवतो, केसाएवढा, पुन्हा तार ताणतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. तार घोडीवर सपाट टेकली पाहिजे पण मेली नाही पाहिजे. नंतर तारेखाली सूत सरकवायचं. एका जागी सूत आलं की तार एकदम बोलते, भुंग्यासारखी, आणि त्या गुंजनात वरचे सगळे स्वर उमलतात. याला जवारी म्हणतात. सूत दोन गहू इकडेतिकडे झालं की गेली.

ही जवारी तारेत नव्हती, भोपळ्यातही नव्हती. ती आम्ही घातली. सतारीला बंद जवारी हवी की खुली, हे वादक आम्हाला सांगतो, आणि एका वादकाची जवारी दुसऱ्याला चालत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातकामाला मिळालं असं आम्ही मानतो.

मुलाने मला त्या फझचा आवाज ऐकवला. कानाला जड गेला, खरं सांगतो. पण ओळखीचा वाटला. तार जास्त बोलावी म्हणून तिला कशावर तरी घासावं लागतं, एवढं त्यातलं मला कळलं.

---

बिलंपत | १४ ऑगस्ट, सकाळी ८.००

घोडी आणि सूत, आपल्याला नमस्कार. माझ्या घरातला तंबोरा मिरजेचा आहे, १९७४ चा. रोज सकाळी सूत लावते आणि कधी हा विचार केला नाही.

'मूळ आवाज' हा शब्द मी मागे घेते. पण माझी तक्रार मागे घेत नाही. वादक आपली जवारी निवडतो आणि मग तीच त्याची ओळख होते. इथे पस्तीस गाण्यांना पस्तीस जवाऱ्या. यात वादक कुठे राहिला?

---

मांडवी_काठी | १४ ऑगस्ट, दुपारी ३.३५

ताई, या प्रश्नावर मी पण पुष्कळ विचार केलाय. मी पणजीची, रविवारी चर्चमध्ये आणि लग्नाच्या हंगामात बँडमध्ये वाजवते.

माझ्यापुरता नियम असा झालाय की आधी जागा ऐकायची. आमच्या चर्चचं छत उंच, भिंती दगडी. टाळी वाजवली की दीड-दोन सेकंद आवाज फिरतो. तिथे रिव्हर्ब (घुमारा) किंवा डिले (प्रतिध्वनी) लावला तर शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून तिथे माझी गिटार पूर्ण कोरी. लग्न मात्र उघड्या मैदानावर, शामियान्यात. तिथे आवाज सुटतो तो परत येत नाही, गिटार मेल्यासारखी वाटते. तिथे थोडा रिव्हर्ब लावते. त्या मैदानाला नसलेली भिंत मी देते, इतकंच.

डिलेबद्दल एक नक्की सांगते सहावी तार, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डिले तालात बसवा. गाण्याची गती मिनिटाला १२० मात्रा असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. डिले ५०० वर किंवा पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ वर ठेवा. यू-टू या बँडचा गिटारवादक एज याची ती प्रसिद्ध धावती गिटार बहुतेकदा पाऊण मात्रेच्या डिलेवर उभी असते. तो साधे अर्ध्या मात्रेचे सूर वाजवतो, डिले मधल्या जागा भरतो. पण हात एक तसूभर पुढेमागे झाला की सगळं कोसळतं. मी हे शिकले तेव्हा माझी लय किती ढिली आहे ते मला पहिल्यांदा कळलं. त्या तीन महिन्यांत मेट्रोनोमवर जितकं बसले तितकं आयुष्यात कधी बसले नव्हते.

---

सॅनहोजेकर | १५ ऑगस्ट, सकाळी ६.१०

इथे अमेरिकेत पेडल सहज मिळतात म्हणून माझ्याकडे एके काळी बत्तीस होती. आता चार आहेत. त्यातून शिकलेलं लिहितो.

'आम्ही काहीच वापरत नाही' म्हणणाऱ्यांचं उदाहरण म्हणून नेहमी एसी/डीसी या रॉक बँडच्या अँगस यंग या गिटारवादकाचं नाव येतं. गिबसन एसजी गिटार, मार्शल ॲम्प, पायाशी काही नाही. हे खरं आहे. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तो शेफर-व्हेगाचा वायरलेस संच (वायरीशिवाय गिटार ॲम्पला जोडणारा) वापरत होता, आणि त्या संचातलं सर्किट आवाज दाबून-उचलून ॲम्पला ढकलत होतं. त्याला तो आवाज इतका पटला की स्टुडिओतही, जिथे वायरलेसची गरजच नाही, तिथे त्याने तो संच मध्ये ठेवला. म्हणजे पेडल नव्हतं, पण डबी होतीच.

उलट टोकाला ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन. त्याच्या पायाशी ट्यूब स्क्रीमर नावाचं ओव्हरड्राइव्ह. हे पेडल ऐकून लोकांना वाटतं त्याचा सगळा आवाज त्यातून येतो. तो ड्राइव्ह (आवाज किती तुटावा त्याचं बटण) अगदी कमी आणि लेव्हल (बाहेर किती जोर जावा त्याचं बटण) चढवून ठेवायचा, म्हणजे पेडलला आवाज तोडायला सांगायचाच नाही, ॲम्पला धक्का द्यायला सांगायचा. जाड तारा, खाली उतरवलेली पट्टी आणि ती मनगटं, हे पेडलमध्ये येत नाही.

सहावी तार, तुमचं ओव्हरड्राइव्ह ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं असेल तर हे करून बघा. बटणाची खूण घड्याळाचा काटा समजून ड्राइव्ह नऊ वाजता, लेव्हल तीन वाजता, टोन मध्यावर. त्या सर्किटमध्ये खालचा आवाज कापलेला असतो आणि ७०० हर्ट्झच्या आसपास उठाव असतो. घरी एकट्याने ऐकताना आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल. पण दोन कीबोर्ड आणि बासच्या गर्दीत हाच उठाव तुमची गिटार पुढे काढतो.

---

जुना_वाद्यवृंद | १५ ऑगस्ट, रात्री १०.२०

नुकसानाबद्दल लिहीन म्हणालो होतो.

प्रोसेसर आला तेव्हा माझ्याकडे दोन मुलं शिकायची. दोघांनी घेतला. त्यात तयार आवाज भरलेले असायचे, प्रत्येकात डिले, रिव्हर्ब, कोरस सगळं एकत्र. एकाने ते आवाज तसेच वाजवले. सहा महिन्यांत त्याचा व्हायब्रॅटो (बोटाने सूर हलवणं) गेला, कारण कोरस सतत सूर हलवत होतं, त्याला स्वतः हलवायची गरजच वाटली नाही. बेंड (तार ओढून सूर चढवणं) अपुरे राहू लागले. डिलेच्या धुक्यात त्याला ते ऐकू येत नव्हते, मला येत होते. मी सांगितलं, त्याला पटलं नाही. पुढे त्याने वाजवणं सोडलं आणि त्याची सल मला आजही आहे, कारण हात फार गोड होता.

दुसऱ्याने पहिल्याच दिवशी सगळे तयार आवाज पुसले आणि एकेक परिणाम वेगळा ऐकत बसला. तो आज व्यवसाय म्हणून वाजवतो.

म्हणून बिलंपत ताईंची भीती मला खोटी वाटत नाही. वादक हरवतो, मी हरवताना पाहिलाय. पण पस्तीस जवाऱ्यांमध्ये वादक कुठे राहिला, याचं उत्तर मला माझ्या जुन्या कॅसेटी ऐकताना मिळालं. वाह असो, फेजर असो, कोरी गिटार असो, सूर लावताना मी किंचित उशिरा लावतो. प्रत्येक गाण्यात. ती माझी सवय, कुणाला दोष वाटेल, पण मीच आहे तो.

---

सहावी_तार | १६ ऑगस्ट, रात्री ११.५५

सगळे प्रतिसाद तीन-तीनदा वाचले. घोडी आणि सूत काका, आपण एकाच गावचे, मी येऊन भेटेन.

आजपासून एक सुरू केलंय. रोज पहिला तास पूर्ण कोरा, सरांनी शिकवलेलं. नंतर तेच पेडलवर. फोनवर ध्वनिमुद्रण करून लगेच ऐकतो. पहिल्याच दिवशी दिसलं की ओव्हरड्राइव्हवर माझं उजव्या हाताचं मनगट नको त्या तारा पुरेशा दाबत नाही. कोऱ्या आवाजात हे चार वर्षं लपलं होतं.

पेडल एकच ठेवतोय, आणि एक वाह जुन्यात बघतोय. पस्तीस गाण्यांची यादी काढली, प्रत्येकापुढे लिहिलं की मूळ गाण्यात गिटार कशी बोलते. चौदा गाण्यांत पेडल लागेल. एकवीस कोरीच.

---

तपकीर_गल्ली | १७ ऑगस्ट, सकाळी १०.३०

वाह घेताना खाली-वर करून खरखर येते का बघा. येत असेल तर आतला पॉट (फिरता रेझिस्टर) झिजलाय. तो बदलता येतो, त्यावरून भाव कमी करून घ्या. आणि दोन पेडलना एकाच ॲडॉप्टरवरून वीज देणार असाल तर ध्रुवता तपासा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट, मध्ये ऋण लागतं. आपल्याकडच्या साध्या ॲडॉप्टरमध्ये मध्ये धन असतं. उलटं लावून जळालेली पेडलं माझ्याकडे दुरुस्तीला नेहमी येतात.

---

सहावी_तार | २० सप्टेंबर, रात्री १२.४०

सातही कार्यक्रम झाले. आधी लिहायला जमलं नाही, माफ करा.

पहिल्या कार्यक्रमाला साउंडवाल्याला डेस्कमागे दादांचं वाक्य सांगितलं, पाचच्या वरचं कापा. त्याने कापलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. डास गेले. सॅनहोजेकर, नऊ वाजता-तीन वाजता हीच जागा शेवटपर्यंत ठेवली. दुसऱ्या कार्यक्रमात घाबरून जास्त ड्राइव्ह घेतलं आणि गायिकेच्या आवाजावर गेलो. मध्यांतरात तिची क्षमा मागितली. चौथ्या गावी मंडपाच्या लाइटमुळे इतकी घरघर होती की ओव्हरड्राइव्ह लावताच आलं नाही. त्या रात्री चौदा गाणी सरांच्या पद्धतीने वाजवली, पिकच्या जागा बदलून. निभावलं. ते शिकलेलं नसतं तर उभा राहू शकलो नसतो.

सगळ्यात जास्त आनंद एका जागेचा. पाचव्या कार्यक्रमात ओव्हरड्राइव्ह चालू असतानाच अंतऱ्याला गिटारचं व्हॉल्यूम पाचवर आणलं, पिक फ्रेटबोर्डकडे नेली. आवाज गोल झाला. मग ओळीच्या शेवटी करंगळीने व्हॉल्यूम हळूहळू उघडलं आणि एकच सूर स्वच्छपासून फाटका होत गेला. सरांच्या सहा तऱ्हांपैकी तिसरी आणि पाचवी, एका सुरात. कीबोर्डवाला वाजवता वाजवता वळून बघत होता.

सरांना परवा सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ध्वनिमुद्रण घेऊन ये." पाचव्या कार्यक्रमाचं ऐकवलं. ती जागा त्यांनी दोनदा मागे नेऊन ऐकली. पेडलबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "तिसरा बेंड उतरलाय," एवढंच म्हणाले. उतरलाच होता.

आता एक प्रश्न राहिलाय. खंडेनवमीला सरांकडे आम्ही सगळे विद्यार्थी वाद्यं पूजेला ठेवतो. गिटारशेजारी पेडल ठेवावं का?

---

बिलंपत | २० सप्टेंबर, सकाळी ७.५०

ठेवा. आमच्याकडे संवादिनीच्या शेजारी सुताचं रीळ असतं, आणि ते मीच ठेवते.

---

जुना_वाद्यवृंद | २० सप्टेंबर, सकाळी ९.१५

जरूर ठेवा. फक्त जॅक (वायरीचं पेडलमध्ये खुपसायचं टोक) काढून ठेवा. जॅक लावलेला राहिला की पेडल बंद असलं तरी बॅटरी उतरते, आणि दसऱ्याला तुमचा कार्यक्रम असणार.